विद्युद्दाबाचा पहारेकरी

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्याने आम्हाला विचारले, "इतिहासावर बोलायचे सोडून हा तारांचा आणि व्होल्टांचा विषय तुम्ही कोठून काढलात?" त्यांना आम्ही एवढेच म्हटले, की राजवाड्याच्या इतिहासात राजांची नावे असतात, देवडीवर रात्र काढणाऱ्या पहारेकऱ्याचे नाव कोणी लिहीत नाही, पण एखाद्या रात्री त्याला डुलकी लागली तर राजाच्या इतिहासाचे शेवटचे पान तोच लिहून टाकतो. मायक्रोप्रोसेसर, म्हणजे ज्याला आपण सूक्ष्मप्रक्रियक म्हणतो, त्याचा इतिहास आता पुष्कळांनी लिहिला आहे. त्याच्या देवडीवर बसून विद्युद्दाब पुरेसा आहे की नाही एवढेच पाहणारे जे लहानसे मंडल असते, त्याच्याविषयी आज आम्हाला बोलायचे आहे.

प्रथम एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी. घरातला दाब उतरला म्हणजे दिवा पिवळा पडतो, पंखा रेंगाळतो. दोघेही आपापले काम कमी करतात, पण खोटे करीत नाहीत. मायक्रोप्रोसेसरचे असे नाही. पाच व्होल्टांवर चालणाऱ्या प्रोसेसरला चार व्होल्ट मिळू लागले तर तो अर्ध्या वेगाने बेरीज करीत नाही. तो त्याच वेगाने चुकीची बेरीज करू लागतो. त्यातले लक्षावधी सूक्ष्म दरवाजे दाब उतरताच सुस्त होतात, परंतु घड्याळाचा ठोका पहिल्याच गतीने पडत असतो. एका दरवाजाचे उत्तर पोचण्यापूर्वीच पुढचा ठोका पडतो आणि आधीचे शिळे उत्तर नवे म्हणून उचलले जाते. त्यातही सर्व भाग एकाच वेळी थकत नाहीत. स्मृती एका दाबाला चुकू लागते, प्रोसेसर दुसऱ्या दाबाला, आणि त्या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात प्रोसेसर पूर्ण हुशारीत असून त्याला मिळणाऱ्या आज्ञा मात्र भलत्याच असतात. एके ठिकाणाहून वाचण्याची आज्ञा दुसऱ्या ठिकाणी लिहिण्याची होऊन बसते. मेलेले यंत्र कोणाचे नुकसान करीत नाही. अर्धमेले यंत्र करते, आणि त्याचा पुरावाही मागे ठेवीत नाही.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. १९९४ च्या सुमारास आम्ही इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या दुरुस्तीची कामे करीत असू. त्या वेळी एका गावच्या दूध संस्थेकडून बोलावणे आले. संस्थेने दूध मोजून नोंद ठेवणारे यंत्र बसवले होते. सभासद दूध घालून गेला की लिटर, फॅट आणि रक्कम यंत्राच्या स्मृतीत जमा होई, आणि दर दहा दिवसांचे बिल त्यावरून निघे. स्मृतीला एक लहान बॅटरी जोडलेली होती, म्हणजे वीज गेली तरी नोंदी राहाव्यात. परंतु तीन महिन्यांपासून बेरजा जुळत नव्हत्या. एका बाईंच्या खात्यावर दहा दिवसांत एक थेंबही नव्हता, आणि ज्याची म्हैस आटून महिना झाला होता त्या गृहस्थाच्या नावावर भरपूर दूध जमा झाले होते. गावात जे व्हायचे ते झाले. सचिवाने यंत्रात हात घातला, असे लोक उघड म्हणू लागले. सचिव बिचारे जुन्या वळणाचे. यंत्र आल्यावरही ते रोजची नोंद पेन्सिलीने एका वहीत करीत. परंतु ती वही त्यांनी मागाहून भरली, असा आक्षेप त्यावरही होताच. यंत्र पुरवणाऱ्या कंपनीने यंत्र तपासून ते निर्दोष असल्याचा कागद दिला, तेव्हा तर संशयाला जागाच उरली नाही.

आम्ही यंत्र तपासले. ते खरोखरच निर्दोष दिसत होते, कारण आम्ही ते दुपारी तपासत होतो. संध्याकाळच्या संकलनाची वेळ आणि पंपांची वेळ एकच होती, हे आमच्या लक्षात आले नव्हते. त्या प्रकरणाकडे आम्ही शेवटी पुन्हा येऊ. कारण त्या यंत्रात नेमके काय नव्हते, हे समजायला आधी थोडा मागचा इतिहास पाहावा लागेल.

मोठ्या गणकयंत्रांच्या काळात हा प्रश्न कोणी दुर्लक्षिला नव्हता. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे पीडीपी-११ हे यंत्र १९७० मध्ये बाजारात आले. त्याच्या सामायिक तारांच्या पट्ट्यात दोन तारा केवळ या कामासाठी राखलेल्या होत्या. बाहेरची वीज उतरू लागली की पहिल्या तारेवर इशारा येई. वीजपुरवठ्याच्या पेटीतल्या मोठ्या कपॅसिटरांत त्या क्षणी थोडी शिदोरी शिल्लक असे, काही मिलिसेकंदांपुरती. तेवढ्यात प्रोसेसर हातातले काम टाकून एका ठरलेल्या पत्त्यावर उडी घेई, आपली चालू गणिते चुंबकीय कड्यांच्या स्मृतीत ठेवी, आणि स्वस्थ बसे. मग दुसऱ्या तारेवर इशारा येऊन सारे थांबे. चुंबकीय कड्यांना वीज लागत नाही, त्यामुळे वीज परत आली की यंत्र सोडलेल्या ओळीपासून पुढे चालू होई. दिवेलागणीला पोथी बंद करताना त्यात मोरपीस ठेवावे, तशी ही व्यवस्था होती. हजारो डॉलर किमतीच्या यंत्राला एवढा इतमाम परवडत होता.

त्याच सुमारास, १४ नोव्हेंबर १९६९ रोजी, दाबाच्या पहारेकऱ्याचे एक नाटक साऱ्या जगासमोर घडले. अपोलो-१२ हे यान पावसाळी आकाशात फ्लोरिडातून उडाले. उड्डाणानंतर ३६.५ सेकंदांनी त्याच्यावर वीज पडली, आणि ५२ व्या सेकंदाला पुन्हा पडली. यानातल्या तिन्ही इंधन-घटांचा संबंध तुटला, सारा भार बॅटऱ्यांवर आला आणि दाब एकदम खाली गेला. यानातील मोजमापे जमिनीवर पाठवण्याजोगी करणारी एक पेटी होती. तिच्या आत दाबाचा एक पहारेकरी बसवलेला होता. त्याने दाब मर्यादेखाली गेलेला पाहिला आणि पेटी बंद केली. म्हणजे त्याने आपले कर्तव्य चोख बजावले! परंतु ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात पडद्यांवर निरर्थक आकडे दिसू लागले. तेथे जॉन आरन नावाचा अवघ्या २६ वर्षांचा अभियंता होता. आकड्यांचा हाच गोंधळ त्याने सुमारे वर्षापूर्वी एका चाचणीत पाहिला होता. त्या पेटीची कळ सहायक स्थितीत टाका, असे त्याने सांगितले. ती कळ कोणती हे अधिकाऱ्यांना चटकन कळेना. यानातील अॅलन बीन यांना मात्र ती ठाऊक होती. कळ फिरली, आकडे परत आले आणि यान चंद्रावर जाऊन आले. या हकिगतीत लोक आरन यांच्या स्मरणशक्तीचे कौतुक करतात, ते योग्यच आहे. आम्हाला मात्र ज्याने त्या पेटीत दाबाचा पहारेकरी बसवला, आणि शिवाय त्याला बाजूला सारणारी कळही ठेवली, त्या अज्ञात माणसाचेही कौतुक वाटते.

आता मायक्रोप्रोसेसरकडे येऊ. इंटेल कंपनीचा ४००४ नोव्हेंबर १९७१ मध्ये जाहीर झाला आणि १९७४ मध्ये ८०८० आला. प्रोसेसर स्वस्त झाला, तसा तो गाड्यांत, तराजूंत, गिरण्यांत, खेळण्यांत जाऊन बसला. पण घर बदलताना जशी एखादी जुनी जड पेटी मागेच राहून जाते, तसा मोठ्या यंत्रांतला पहारेकरी मागे राहिला. काही रुपयांच्या प्रोसेसरला दोन तारांचा इतमाम कोण देणार!

गंमत अशी, की याच काळात वीजपुरवठा अधिक नाजूक झाला होता. ८०८० ला तीन निरनिराळे दाब लागत: अधिक ५, उणे ५ आणि अधिक १२ व्होल्ट. त्या पिढीची ४११६ ही स्मृतीची चकती तर सासरच्या मानपानासारखी होती. तिला उणे ५ चा दाब सर्वांआधी द्यावा लागे आणि सर्वांनंतर काढावा लागे. क्रम चुकला तर चकती कायमची जाई. एकाच ५ व्होल्टांवर चालणारे प्रोसेसर आणि स्मृती आल्या तेव्हा अभियंत्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्या निःश्वासाबरोबर दाबाची काळजीही त्यांनी सोडून दिली, असे आमचे मत आहे.

वीज सुरू झाल्यावर प्रोसेसरने पहिल्या ओळीपासून आरंभ करावा, यासाठी त्याला काही क्षण धरून ठेवावे लागते. यालाच रीसेट म्हणतात. १९७७ च्या अॅपल-२ या संगणकाच्या पहिल्या आवृत्तीत तेही आपोआप होत नसे. यंत्र चालू केल्यावर माणसाने रीसेटची कळ स्वतः दाबायची. पुढच्या आवृत्तीत ही उणीव भरून काढली गेली. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये जुन्या परंपरेची थोडी आठवण राहिली होती. तिच्या वीजपुरवठ्याच्या पेटीतून 'वीज ठीक आहे' अशी एक स्वतंत्र तार निघे आणि ती आल्याखेरीज प्रोसेसर सुटत नसे. परंतु हे मेजावरच्या संगणकाचे झाले. ज्यांना कोणी संगणक म्हणत नाही अशा असंख्य यंत्रांत एक कपॅसिटर आणि एक रेझिस्टर, एवढ्यावरच भागवले गेले.

ही जोडी जरा जवळून पाहण्यासारखी आहे, कारण साऱ्या अनर्थाचे मूळ तिच्यात आहे. इंटेलचा ८०५१ हा १९८० चा नियंत्रक घ्या. आमच्याकडच्या महाविद्यालयांत दोन पिढ्या त्यावर शिकल्या. त्याच्यासाठी कंपनीने सुचवलेले मंडल म्हणजे १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ८.२ किलोओहमचा रेझिस्टर. वीज सुरू होताच कपॅसिटर रिकामा असतो, म्हणून रीसेटची तार क्षणभर वर ओढली जाते. कपॅसिटर भरत गेला की ती हळूहळू खाली येते आणि प्रोसेसर सुटतो. दोन भाग, किंमत काही पैसे. विद्यार्थ्यांना ते फळ्यावर काढून दाखवायला अर्धा मिनिट लागतो, आणि प्रयोगशाळेत ते दर वेळी बिनचूक चालते.

प्रयोगशाळेत ते चालते, याचे कारण तेथे वीज कळ दाबून येते आणि कळ दाबून जाते. गावात ती तशी जात नाही. ती आधी उतरते, रेंगाळते, पुन्हा थोडी चढते, मग जाते. समजा ५ व्होल्टांचा दाब सावकाश साडेतीनवर आला, तेथे अर्धा मिनिट राहिला आणि सावकाश पुन्हा ५ वर गेला. या साऱ्या प्रवासात आमची जोडी काय करते? काहीच करीत नाही. कपॅसिटर दाबाबरोबर सावकाश रिता होतो, सावकाश भरतो, रीसेटची तार जागची हलत नाही. प्रोसेसर मात्र त्या अर्ध्या मिनिटात वाट चुकलेला असतो, आणि दाब परत आल्यावर तो त्याच चुकलेल्या वाटेने पूर्ण जोमाने चालू लागतो. या जोडीला काळ कळतो, दाब कळत नाही. घटकापात्र ठेवून पाऊस मोजावा, तसा हा प्रकार आहे. अनेकांनी रेझिस्टरशेजारी एक डायोड लावून पाहिला, कपॅसिटर मोठा करून पाहिला. पण पात्र मोठे केले म्हणून त्याचे पर्जन्यमापक होत नाही.

मग दाबच का मोजू नये? येथे एक मूलभूत अडचण होती. मोजायचे तर माप हवे. तराजूच्या दोन पारड्यांपैकी एकात येणारा दाब टाकला, तर दुसऱ्यात कोणते वजन ठेवायचे? पहारेकऱ्याला स्वतःलाही त्याच उतरणाऱ्या विजेवर जगायचे असते. वीज उतरताना त्याचे वजनही उतरले तर तो शेवटपर्यंत 'सर्व ठीक' म्हणत राहील. पूर्वीचे ठरीव माप म्हणजे झीनर डायोड. उष्णतेने फारसा न बदलणारा चांगला झीनर सुमारे पाच-सहा व्होल्टांचा असतो. पाच व्होल्टांच्या पुरवठ्यात सहा व्होल्टांचे वजन ठेवणार कोठे?

याचे उत्तर सिलिकनच्याच स्वभावात सापडले. ट्रान्झिस्टरच्या सांध्यावरचा दाब सुमारे ०.६ व्होल्ट असतो आणि उष्णता एका अंशाने वाढली की तो सुमारे २ मिलिव्होल्टांनी घटतो. उलटपक्षी, दोन सांध्यांतून निरनिराळ्या घनतेचा प्रवाह सोडला तर त्यांच्या दाबांतला फरक उष्णतेबरोबर वाढतो. घटणारे आणि वाढणारे योग्य प्रमाणात मिळवले तर बेरीज उष्णतेने हलत नाही, आणि ती सुमारे १.२ व्होल्ट भरते. हा आकडा कोणा कारागिराच्या मर्जीचा नसून सिलिकनच्या अंतर्रचनेतून आलेला आहे. फेअरचाइल्ड कंपनीच्या डेव्हिड हिल्बायबर यांनी १९६४ मध्ये ही वाट दाखवली. नॅशनल सेमिकंडक्टरमधील रॉबर्ट विडलर यांनी तिचा राजमार्ग केला. अंकीय मंडलांना ५ व्होल्ट पुरवणारा त्यांचा एलएम १०९ हा नियामक या तत्त्वावर उभा होता. १९७४ मध्ये पॉल ब्रोकॉ यांनी तेच तत्त्व अधिक सुटसुटीत मंडलात बसवले. विडलर हे मोठे विक्षिप्त गृहस्थ. कंपनीने काटकसरीपायी कचेरीपुढचे गवत कापणे बंद केले, तेव्हा त्यांनी एक मेंढी आणून तेथे चरायला सोडली होती! परंतु सव्वा व्होल्टाचे हे माप त्यांनी जगाला दिले नसते, तर पुढची सारी कथा घडली नसती.

माप मिळाले, आणि सुमारे दहा वर्षांनी पहारेकरी आला. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीएल ७७०५ हा १९८३ चा. आठ पायांच्या लहानशा चकतीत माप, तराजू आणि घड्याळ अशी तिन्ही होती. दाब ४.५५ व्होल्टांच्या खाली गेला की तो रीसेटची तार ओढून धरी. दाब परत वर आल्यावरही तो लगेच सोडीत नसे. बाहेर जोडलेल्या कपॅसिटरच्या मानाने काही काळ थांबून, दाब स्थिरावल्याची खात्री करून मग सोडी. म्हणजे काळाचे काम कपॅसिटरकडे आणि दाबाचे काम मापाकडे, अशी कामांची वाटणी प्रथमच नीट झाली.

तथापि या पहारेकऱ्यालाही एक आंधळा कोपरा होता. वीज शून्यापासून चढत असताना सुमारे ३.६ व्होल्ट येईपर्यंत तो स्वतःच पुरता जागा झालेला नसे. त्याखाली त्याच्या तारेवर काय असेल त्याची हमी नव्हती. नव्या पिढीच्या प्रोसेसरांना आणि स्मृतींना मात्र त्याहून कमी दाबात अर्धवट जाग येऊ लागली होती. ज्याच्यावर पहारा करायचा त्याच्या आधी पहारेकऱ्याला जाग यायला हवी आणि त्याच्यानंतर झोप यायला हवी, हा साधा नियम. पण तो चकतीत उतरवायला आणखी काही वर्षे गेली. मोटोरोलाचा तीन पायांचा एमसी ३४०६४ हा १ व्होल्टापर्यंत भानावर राही. त्याची मर्यादा सुमारे ४.६ व्होल्ट होती, आणि उतरतानाची व चढतानाची मर्यादा त्याने मुद्दाम एकमेकींपासून २० मिलिव्होल्ट दूर ठेवली होती. दाब मर्यादेवरच घुटमळू लागला तर तारेने सारखे 'थांब-चल, थांब-चल' करू नये, म्हणून ही सोय. ही युक्ती ओटो श्मिट यांची. नळ्यांच्या काळात, १९३८ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली होती, आणि तिची प्रेरणा त्यांना माकूळ या समुद्रातील प्राण्याच्या मज्जातंतूंच्या अभ्यासातून मिळाली होती. कोकणातल्या श्रोत्यांना माकूळ ठाऊक असेल, पण ताटातला!

१९८० नंतरच्या दशकात या धंद्यात दोन नव्या कंपन्या उतरल्या. मॅक्सिम १९८३ ची, डॅलस सेमिकंडक्टर १९८४ ची. मॅक्सिमच्या मॅक्स ६९० या घराण्यातल्या चकत्यांच्या मर्यादा पाहण्यासारख्या आहेत: काहींची ४.६५ व्होल्ट, काहींची ४.४०. हे आकडे हवेतून आलेले नाहीत. चांगला पुरवठा ५ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतो, म्हणजे ४.७५. त्याच्या वर मर्यादा ठेवली तर पहारेकरी विनाकारण आरडाओरडा करील. बहुतेक चकत्यांची हमी १० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ४.५ पर्यंत असते. त्याच्या खाली मर्यादा ठेवली तर चोर आत शिरल्यावर तो ओरडेल. या पाव व्होल्टाच्या बोळात, उष्णता, थंडी आणि कारखान्यातला फरक हे सारे जमेस धरून, त्याला उभे राहायचे असते. म्हणून ४.६५. विडलर यांच्या मापावाचून एवढ्या अरुंद बोळात कोणालाच उभे राहता आले नसते.

या घराण्याने आणखी एक काम अंगावर घेतले, आणि आमच्या दूध संस्थेच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे. स्मृती बॅटरीवर जिवंत ठेवली म्हणजे नोंदी सुरक्षित राहतात, अशी सर्वांची समजूत होती. पण बॅटरी नोंदी जशा असतील तशा राखते, चुकीच्या लिहिल्या गेल्या तर चुकीच्याही तितक्याच निष्ठेने राखते. तेव्हा दाब उतरताच स्मृतीचा दरवाजा बंद करणे अवश्य होते, म्हणजे भ्रमिष्ट प्रोसेसरने कितीही लिहू म्हटले तरी त्याची लेखणी कागदाला टेकू नये. मॅक्स ६९१ ने दाब पाहणे, बॅटरीवर जाणे आणि हा दरवाजा बंद करणे ही कामे एकत्र केली. शिवाय प्रोसेसर ठराविक काळात हाक देतो की नाही हे पाहणारा वॉचडॉगही त्यात होता. तो निराळा पहारेकरी. त्याच्यावर स्वतंत्र व्याख्यान व्हावे. १९९४ मध्येच क्लेमेंटाइन या चांद्रयानातील एक संगणक बिघडला, त्याचे एक इंजिन इंधन संपेपर्यंत चालू राहिले आणि यान मिनिटाला सुमारे ८० फेऱ्या घेत भिरभिरू लागले, एवढे येथे सांगून पुढे जातो.

पुढची हकिगत थोडक्यात सांगण्याजोगी आहे. तीन पायांचा पहारेकरी तांदळाच्या दाण्याएवढा झाला. प्रोसेसर ३.३ व्होल्टांवर आणि त्याहून खाली आले, तशा त्याच्या मर्यादाही खाली आल्या. मग तो प्रोसेसरच्या पोटातच शिरला. पीआयसी, एव्हीआर वगैरे नियंत्रकांत तो अंगचाच मिळू लागला. अॅटमेल कंपनीने तर आपल्या माहितीपत्रकात स्पष्टच लिहिले, की दाब अपुरा असताना रीसेट धरून ठेवला नाही तर कायमच्या स्मृतीतील मजकूर बिघडू शकतो. पण त्याच कंपनीच्या एटीमेगा-८ या लोकप्रिय नियंत्रकात कारखान्यातून निघताना हा पहारेकरी झोपवलेला असे; बनवणाऱ्याने त्याला आठवणीने उठवायचे. तो थोडा प्रवाह खातो म्हणून बॅटरीवरच्या यंत्रांत त्याला मुद्दाम झोपवणारेही पुष्कळ. चौकीदाराचा पगार वाचवून वाड्याला नवा रंग देणारे यजमान आम्ही पाहिले आहेत.

आणखी एक वळण या इतिहासाला आले, ते आम्हालाही अनपेक्षित होते. दाब उतरला की प्रोसेसर चुकतो, हे चोरांनाही कळले. कुलपासारखी आज्ञा ज्या क्षणी चालते, नेमक्या त्या क्षणी दाब मुद्दाम खाली ओढायचा आणि ती आज्ञा वगळली जाईल असे करायचे, हा उद्योग स्मार्टकार्डांवर पुष्कळ काळ चालला. डिसेंबर २०१९ मध्ये तर युरोपातील संशोधकांनी इंटेलच्या प्रोसेसरांचा दाब केवळ आज्ञावलीच्या बळावर कमी करून, त्यांच्या बंदिस्त कोठडीतल्या गणितात चूक घडवून दाखवली. या हल्ल्याला त्यांनी प्लंडरव्होल्ट असे नाव दिले.

आता दूध संस्था. आमच्या लक्षात गोष्ट आली ती योगायोगाने. काम संपेना म्हणून आम्ही मुक्कामी राहिलो, आणि संध्याकाळी केंद्रात बसलो असता दिवा पिवळा पडलेला पाहिला. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांप्रमाणे घरगुती पुरवठ्याच्या दाबात ६ टक्क्यांहून अधिक फरक पडू नये असे होते. म्हणजे २३० चे २१६ पर्यंत ठीक. आमच्या मीटरवर १६० दिसत होते. शिवारातले पंप सुरू झाले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही तालुक्याच्या गावाहून एक डिमरस्टॅट मागून आणला, यंत्र त्याला जोडले आणि पंच मंडळींसमोर दाब एकेक व्होल्ट उतरवीत नेला. यंत्रातल्या ७८०५ या नियामकाला ५ व्होल्ट द्यायला स्वतःला सुमारे ७ व्होल्ट लागतात. ते मिळेनासे होताच त्याचे ५ घसरू लागले. ४ च्या आसपास पडद्यावरचे आकडे तसेच स्थिर होते. आम्ही काही क्षण थांबलो, दाब पुन्हा वर नेला आणि खाती उघडली. चाचणीसाठी भरलेल्या दहा खात्यांपैकी तीन बदललेली होती. कोणीही यंत्राला हात लावलेला नव्हता. यंत्राच्या पाटीवर रीसेटच्या जागी एक कपॅसिटर आणि एक रेझिस्टर, एवढेच होते, आणि स्मृतीचा दरवाजा सदैव सताड उघडा.

पुण्यास बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून आम्ही तीन पायांचा पहारेकरी आणला, त्याची तार रीसेटला जोडली आणि तीच तार एका लहान दरवाजातून स्मृतीलाही नेली. मग डिमरस्टॅट पुन्हा खालीवर केला. दाब उतरताच यंत्र मुकाट्याने थांबे आणि दाब येताच पहिल्या ओळीपासून सुरू होई. खाती जशीच्या तशी होती. पंचांपैकी एका वृद्ध गृहस्थांनी ते स्वतःच्या हाताने वीस-पंचवीस वेळा करून पाहिले, तेव्हा त्यांचे समाधान झाले.

आमच्या बिलात त्या भागाच्या किमतीपेक्षा एस. टी. चे भाडे अधिक होते, आणि संस्थेच्या सभेत पहिला प्रश्न निघाला तो त्यावरच. दुसरा प्रश्न सचिवांनी विचारला: मागल्या तीन महिन्यांचा हिशेब आता कशावरून धरायचा? सभा थोडा वेळ गप्प होती. मग ज्या बाईंच्या खात्यावर थेंबही नव्हता त्यांच्या मुलाने उठून सांगितले, की सचिवांच्या वहीवरून धरा. तसा ठराव झाला आणि वही टेबलावर मागवण्यात आली.